भिंत रडायची थांबली

बसमध्ये पुढच्या सीटवर बसलेल्या जाड्याच्या पायांत आज चामड्याचे बूट होते, आणि तेवढं बघून बत्तीमावशी घाबरली. कुणाला सांगितलं असतं तर त्यानं विचारलं असतं, बाई, लहानपणी तुला चपलांच्या दुकानात कोंडलं होतं की काय. पण झालं ते असंच. खाणीत कामाला जाणारा माणूस गमबूट सोडून चामड्याचे बूट घालून निघतो, तेही पॉलिश केलेले, याचा अर्थ एकतर तो लग्नाला चाललाय, नाहीतर काल जिथं घोट्यापर्यंत पाणी होतं तिथं आज पाणी नाही. जाड्याला लग्नाला बोलवील असं कुणी आता उरलं नव्हतं. तो जेवायला बसला की यजमान हात जोडून उभा राहतो, अशी त्याची कीर्ती होती. म्हणजे दुसरंच काहीतरी असणार. मावशीनं पिशवी मांडीवर घट्ट धरली आणि कान पुढे केले.

"बूट जोरात आहेत," जाड्याच्या शेजारचा चष्मेवाला म्हणाला. तोही त्याच पाळीतला, त्याच टोळीतला.

"भिंत रडायची थांबली ना. आता कशाला ते रबरी डबे पायात?"

"हो, थांबली खरी. चार दिवस कमी कमीच होत होती."

"कमी कमी कुठं? एकदम थांबली. काल डबा उघडला तेव्हा धार होती, झाकण लावलं तेव्हा नव्हती."

"तुझा डबा उघडल्यापासून झाकण लागेपर्यंत नदी आटेल. हळूहळू थांबली. मी बघत होतो."

"तू घोरत होतास."

"डोळे मिटून बघत होतो."

दोघं हसले. कंडक्टरही हसला, त्याला विनोद न ऐकताही हसायची सवय होती. मावशीला मात्र त्या दोघांना मानगुटीला धरून विचारावंसं वाटलं, अरे गाढवांनो, एकदम की हळूहळू, एकदाचं काय ते ठरवा. कारण सगळं त्यावर होतं. पण असलं काही विचारणारी बाई ती नव्हती. ती खाणीच्या तोंडाशी बत्तीघरात बसायची, खाली जाणाऱ्याला टोपीवरची बत्ती द्यायची, त्याचा बिल्ला खिळ्याला अडकवायची, आणि तो वर आला की बत्ती घेऊन बिल्ला परत द्यायची. खाली काय चाललंय हे तिला फक्त बत्त्यांवर बसलेल्या चिखलावरून कळायचं. विचारणं तिच्या कामात बसत नव्हतं. आणि आज दुपारी भाकरीचा तुकडा तोंडात कोंबत तिचा मुलगा म्हणाला होता, "आई, आजपासून मला खालच्या बोगद्यात टाकलंय. रूळ बसवायचेत. उंच आहे तो बोगदा, सरळ उभं राहता येतं." त्याला सगळे खांब्या म्हणत. बापाचा ठेंगूपणा त्याला चुकवून गेला होता, त्यामुळे खाणीत लागल्यापासून त्याच्या कपाळाला टेंगूळ नव्हतं असा दिवस गेला नव्हता. सरळ उभं राहायला मिळणार म्हणून तो खूष होता, आणि ती मित्राच्या मोटरसायकलवर मागं बसलेली त्याची लांबलचक पाठ बघून खूष झाली होती. तो खालचा बोगदा त्या भिंतीच्या पायाशीच होता.

आता ही भिंत काही घराची नव्हे. खाण म्हणजे जमिनीच्या पोटात खोल्याच खोल्या. खोलीतला दगड फोडून वर आणायचा, कारखान्यात त्याचं पीठ करायचं, पिठातला चिमूटभर धातू काढून घ्यायचा, आणि मग उरलेलं करड्या रंगाचं डोंगरभर पीठ ठेवायचं कुठं हा प्रश्न. उघड्यावर ढीग घातला तर वारा सुटला की शहराच्या डोळ्यांत जातं. म्हणून त्यात पाणी कालवून त्याचा लगदा करतात आणि ज्या खोलीतून काढलं त्याच खोलीत पाइपानं परत ओततात, हाच भराव. खोलीच्या तोंडाशी जाड भिंत बांधतात, भिंतीत बोटभर रुंदीच्या नळ्या ठेवतात. लगदा आत बसतो आणि पाणी नळ्यांतून ठिबकत बाहेर येतं. याला खाणीत म्हणतात, भिंत रडते. शहरातल्या घरात भिंत रडली की भाडेकरू मालकाच्या दारात जाऊन उभा राहतो, आणि रंगारी बोलावून ती कोरडी केली की दोन्ही घरी गोड होतं. शहरातल्या खोल्यांत वाढलेल्या पोरांना म्हणूनच वाटायचं, भिंत कोरडी झाली, सुटलो. मावशीच्या नवऱ्यानं मात्र तिला उलटं सांगितलं होतं. ती तांदूळ निवडत होती आणि तो उंबऱ्यावर बसून पाय खाजवत होता, भरावाच्या टोळीत असणाऱ्यांचे पाय कायम खाजायचे. तो म्हणाला होता, "रडणाऱ्या भिंतीच्या कुशीत खुशाल झोप. पण गप्प झालेली भिंत दिसली, की चपला हातात घेऊन पळ. पाणी संपून गप्प झाली असेल तर बरंच. पण नळ्या तुंबून गप्प झाली असेल, तर तिच्या पोटात सगळं कोंडलेलं असतं. दिसायला दोन्ही सारख्याच."

यात अडचण एकच होती, आणि ती मावशीला बसच्या खिडकीला डोकं टेकल्यावर आणखी टोचायला लागली. तिच्या नवऱ्यासारखा थापाड्या त्या शहरात दुसरा नव्हता. तो सांगायचा, खाणीच्या तोंडातून माझा डबा निसटला, आणि तळाला पोचेपर्यंत त्यातली भाजी शिळी झाली. तो सांगायचा, खाली इतकी शांतता असते की आपली दाढी वाढताना ऐकू येते, म्हणून तर खाणीतले लोक दाढी ठेवत नाहीत, झोप लागत नाही. एकदा त्यानं सांगितलं की त्या खालच्या बोगद्यातला प्रतिध्वनी दुसऱ्या दिवशी येतो; साहेबाला काल दिलेली शिवी आज साहेब नेमका समोर असताना परत आली, आणि ती सुद्धा माझ्याच आवाजात. बायका हसून हसून पोट धरायच्या आणि मावशीला म्हणायच्या, तुझं बरं आहे बाई, घरात करमणूक. तिचं तोंड आंबट व्हायचं. ती स्वतः सरळ बोलणारी. दुधात पाणी घातलं तर गवळ्याला पाणी घातलंस म्हणणारी. नवऱ्याच्या शंभर बोलण्यांतली नव्याण्णव ती या कानानं ऐकून त्या कानानं सोडायची, आणि आता, तो जाऊन इतकी वर्षं झाल्यावर, बसच्या धक्क्यांत बसून तिला त्या शंभरांतलं ते एक शोधायचं होतं. भिंतीची गोष्ट त्या नव्याण्णवांत होती की ते एक होतं? सांगताना त्याचा चेहरा कसा होता हे आठवायचा ती प्रयत्न करत होती, पण तिला आठवत होते फक्त तांदूळ. सुपात एक काळा खडा होता. तो ती चिमटीत धरून होती, आणि नवरा बोलत होता, आणि तिनं वर बघितलंच नव्हतं.

बस वळणावर कलली. खिडकीबाहेर औषधाचं दुकान गेलं, शाळेचं कुंपण गेलं, कपड्यांच्या दोऱ्यांनी बांधल्यासारख्या दिसणाऱ्या इमारती गेल्या. यातल्या कितीतरी गोष्टी भरलेल्या खोल्यांवर उभ्या होत्या. लोक वर संसार करत होते आणि खाली, एकावर एक, करडा लगदा घट्ट होत होता, किंवा होत नव्हता. हा विचार तिनं कधी केला नव्हता. रोज याच रस्त्यानं ती गेली होती आणि रस्ता तिला रस्त्यासारखा वाटला होता. आज तिला वाटलं, ड्रायव्हरनं जरा हळू न्यावी. जड माणसांनी जरा हळू चालावं. आणि मग नको असताना तिला ती दुपार आठवायला लागली. ती आठवण ओट्याखालच्या भांड्यासारखी तिनं पालथी घालून ठेवली होती.

शेवटी शेवटी नवऱ्याच्या छातीत धूळ बसली होती. डॉक्टरनं काचेवर फोटो लावून दाखवला, छातीत पांढरे ठिपके, जणू कुणी आत रेती उधळलीय. डॉक्टर म्हणाला, फुप्फुसं भरत आलीत. नवरा खोकत खोकत म्हणाला, "बघ, वर जागा नाही म्हणून माझ्यात भराव टाकलाय. पूर्ण झाला की तोंडाशी भिंत बांधा." डॉक्टर हसला नाही, म्हणून त्याला वाईट वाटलं. मग थापा तोकड्या व्हायला लागल्या. सुरुवात करायचा, एकदा काय झालं, आणि दम पुरायचा नाही. अर्ध्या थापा घरभर पडलेल्या असायच्या. डबा हातातून सुटलेला असायचा, तो तळाला कधीच पोचायचा नाही. उरायचा तो खोकला. ओला, मोठा, भांडी हलवणारा. शेजारी भिंतीवर हात आपटायचे. आणि एका दुपारी तो खोकला थांबला. मुलगा कुठल्याशा खेळाच्या सामन्याला गेला होता. घरात इतकं शांत झालं की नळाचं ठिबकणं ऐकू आलं. मावशीनं दारातून बघितलं, तो उशीला टेकून छताकडे बघत होता, छाती वरखाली होत होती. तिला बरं वाटलं. तिनं बरं वाटून घेतलं. आज उतार पडला, असं मनाशी म्हणाली, आणि खूप दिवसांनी कोपऱ्यात पदर अंथरून आडवी झाली, आणि त्या शांततेत तिला इतकी गाढ झोप लागली की ऊन भिंतीवरून पार खाली उतरून गेलं तरी जाग आली नाही. जागी झाली तेव्हा शांतता तशीच होती, पण छाती थांबली होती. नंतर डॉक्टर म्हणाला, खोकायची ताकद गेली की खोकला थांबतो, बाई. आत सगळं साठत जातं. त्या वेळी तिला ते नुसतं ऐकू आलं. समजलं ते आत्ता, बसमध्ये, जाड्याच्या बुटांकडे बघताना. त्याचे बूट चकचकीत होते. त्यात बसची खिडकी दिसत होती.

खाणीपाशी उतरल्यावर ती बत्तीघरात न जाता आधी मुकादमाकडे गेली. मुकादम वाईट माणूस नव्हता. त्याला झोप कमी मिळायची आणि चहा जास्त, एवढाच त्याचा दोष.

"मुकादम, खालची भिंत गप्प झाली म्हणे."

"झाली. देव पावला. तीन पंप लावून पाणी उपसत होतो मावशी, पायाची बोटं कुजायची वेळ आली."

"पण एकदम झाली की हळूहळू?"

मुकादमानं कप खाली ठेवला. "तुम्हाला कुणी सांगितलं हे?"

"ह्यांनी. पूर्वी."

"काकांनी?" मुकादमाच्या चेहऱ्यावर हसू आलं, आणि ते प्रेमाचं होतं हेच वाईट होतं. "मावशी, काकांनी मला सांगितलं होतं की भिंत माणसं बघून लाजते. मी नवीन होतो, आठवडाभर तिच्याकडे पाठ करून काम केलं." मग जरा गंभीर होऊन म्हणाला, "ओतणं संपून पंधरवडा झाला. पाणी किती दिवस येणार? दाबाचं मीटर शून्यावर आहे. रात्रपाळी तिथून वर आली, पहिली पाळी वर आली, सगळे सुखरूप. एवढं बघूनच माणसं पाठवतो मी. माझाही मेव्हणा आहे त्या टोळीत."

मुकादम म्हणत होता ते सगळं खरं असू शकत होतं. पाणी संपलेलं असू शकत होतं. दाब नसला तरी मीटर शून्य दाखवतं आणि बिघडलं तरी शून्यच दाखवतं, हे तिच्या मनात आलं, पण तिनं ते ओठांवर आणलं नाही. तिला मीटरमधलं काय कळत होतं? तिच्याकडे होती एक थाप आणि एक खोकला. एवढ्या भांडवलावर कुणी खाण बंद ठेवत नाही. "बरं," ती म्हणाली आणि बत्तीघरात गेली. खिडकीबाहेर रांग लागायला सुरुवात झाली होती. आत लांब फळीवर बत्त्या ओळीनं चार्ज होत होत्या, प्रत्येकीवर एक हिरवा ठिपका. एरवी हे ठिपके बघितले की तिला घरच्या कोंबड्या मोजल्यासारखं वाटायचं. तिनं पिशवी ठेवली, पदर खोचला, आणि भिंतीवरचं मोठं बटण खाली ओढलं. सगळे ठिपके विझले. हे करताना तिच्या डोक्यात एकही विचार नव्हता. हात गेला आणि परत आला, गरम तव्यावरून येतो तसा.

"मुकादम," तिनं खिडकीतून हाक मारली, "बत्त्या नाहीत."

"नाहीत म्हणजे?"

"चार्ज झाल्या नाहीत. वीज गेली असणार मधे. खाली नेल्या तर घटकाभरात विझतील."

आणि गंमत बघा, कुणी एका शब्दानंही शंका घेतली नाही. दुसरं कुणी असतं तर मुकादमानं आत येऊन बत्ती लावून बघितली असती. पण बत्तीमावशी म्हणते म्हणजे तसंच. नवऱ्यानं आयुष्यभर थापा मारून जो विश्वास कमावला नाही, तो तिनं एक न मारता साठवला होता, आणि आज तो सगळा एका बैठकीत उडवायला काढला होता. माणसं अंगणात पसरली. जाड्या पायरीवर बसून रुमालानं बूट पुसायला लागला. "मावशी, मेणबत्त्या तरी द्या," कुणीतरी ओरडलं. "नाहीतर मुकादमाला पुढं चालवा, त्याचं टक्कल पुरेल." हशा झाला. तिला वाटलं, थाप सोपी असते. मग तिला कळलं की थाप मारणं सोपं असतं, नंतर तिच्यात राहायचं असतं. कारण मुकादम खिडकीशी आला आणि म्हणाला, "सगळ्याच गेल्या असं कसं होईल? दोन तरी शोधा. पाळी बसून राहिली तर मी खाली जाऊन तयारी तरी करून ठेवतो. एकजण घेतो बरोबर."

"मी येतो," मागून आवाज आला. सगळ्यांच्या टोप्यांच्या वर एक टोपी होती. खांब्या.

तो खिडकीपाशी आला आणि आत वाकला, त्याला वाकावंच लागायचं. कालचं टेंगूळ पिवळं पडलं होतं. मुकादम चहाच्या कपाकडे वळेपर्यंत तो थांबला आणि हळूच म्हणाला, "आई, बटण तू पाडलंयस."

"वीज गेली होती."

"बाबा थाप मारायचे ना, तेव्हा समोरच्याच्या डोळ्यांत बघायचे. तू टेबलाशी बोलतेयस."

तिनं टेबलावरून नजर उचलली. मग म्हणाली, "त्या बोगद्यात जाऊ नकोस. भिंत गप्प झालीय."

"ती बाबांची गोष्ट? मलाही सांगितलीय त्यांनी. त्यांनी मला असंही सांगितलं होतं की उंदीर खाणीत हेल्मेट घालून फिरतात."

"माहीत आहे."

"मग यातली खरी कुठली हे तुला कसं कळलं?"

तिनं कधी हे कुणाला सांगितलं नव्हतं. त्याला तर नाहीच. तो सामन्याहून घामेजून घरी आला तेव्हा सगळं झालेलं होतं, आणि त्यानं विचारलं होतं, त्रास झाला का, आणि ती म्हणाली होती, नाही. ते एका अर्थी खरंच होतं. "शेवटच्या दुपारी तुझ्या बाबांचा खोकला थांबला होता," ती म्हणाली. "मला बरं वाटलं. मी झोपले."

खांब्यानं कपाळावरचं टेंगूळ चोळलं. अंगणात कुणीतरी मुकादमाच्या टकलावर दुसरा विनोद केला. मग तो म्हणाला, "मग कुणीतरी सळई घालून बघायला हवं ना, आई. नळ्या तुंबल्यात का नुसत्या कोरड्या आहेत. नाहीतर तू किती दिवस बटण पाडून ठेवणार?"

तिच्या थापेला मागचं दार नव्हतं. खरं सांगितलं तर बटण वर जाईल आणि आख्खी टोळी खाली जाईल, त्याच्यासकट. नाही सांगितलं तर दोघं जातील, त्यातला एक तो. दुसऱ्या कुणाला पाठवा असं म्हणायला तोंड उघडलं, आणि तिच्या लक्षात आलं की तो दुसरा कुणीतरी पायरीवर बसून बूट पुसतोय. ती फळीकडे वळली. नेहमी हाताला येईल ती बत्ती ती उचलायची. आज तिनं एकेक उचलली, तळहातावर प्रकाश पाडून बघितला, ठेवली, दुसरी घेतली. शेवटी दोन दिल्या. त्याचा बिल्ला तिनं खिळ्याला अडकवला आणि नीट बसलाय का ते पुन्हा बघितलं.

ते गेल्यावर वेळ नुसता तिथंच उभा राहिला. बाहेर, माणसांना खाली-वर नेणाऱ्या पिंजऱ्याच्या दोरखंडाचं मोठं चाक फिरलं आणि थांबलं. कुणीतरी बिडी पेटवली. चष्मेवाला आणि जाड्या पुन्हा एकदम की हळूहळू यावर आले होते, आता त्यात पैज लागली होती. मावशीनं फडकं घेऊन टेबल पुसलं, मग तेच टेबल परत पुसलं. तिला वाटत होतं की भिंत कोरडीच निघावी. खरोखर कोरडी, आतून बाहेरून. मग सगळे हसतील, मुकादम ओरडेल, कदाचित तिला कामावरून काढतील, आणि नवऱ्याची ती गोष्टही नव्याण्णवांत जमा होईल. होऊ दे. पण मग ती दुपार काय होती, हेही लगेच मनात आलं, आणि तिनं फडकं पिळलं, कोरडं असूनही. तिला भीती वाटली की कुठंतरी खोल तिला भिंत भरलेली हवी आहे, नवरा एकदा तरी खरा निघायला हवा आहे, आणि ज्या पोराच्या हातात सळई होती ते तिचं होतं. असा विचार आईच्या डोक्यात येतो कुठून? तिनं डोकं हलवलं, कानात पाणी गेल्यासारखं.

भिंतीवरचा खाणीचा फोन वाजला.

"आई, मी." मागं पाणी वाहिल्यासारखा आवाज येत होता, की तो त्याचा श्वास होता. "पहिल्या नळीत सळई घातली, कोरडी रेती. दुसरीतही रेती. मुकादम म्हणाले, चल, झालं समाधान. मी म्हटलं, आणखी एक."

"मग?"

"सळई परत आली. मुकादमांची टोपी घेऊन गेली. मनगटाएवढी धार, आई, पाण्याची नव्हे, लगद्याची, समोरच्या खडकावर जाऊन फुटत होती. नळ्या आतून बंद झाल्या होत्या. सगळं आत उभं आहे."

तिनं खिडकीच्या चौकटीला हात लावला. बाहेरच्या माणसांनी तिचा चेहरा बघितला असणार, कारण एकेक करून ते बोलायचे थांबले. जाड्या बूट हातात घेऊन उभा राहिला.

"तुला लागलं?"

"डोकं आपटलं. त्या उंच बोगद्यात सुद्धा." तो हसायला गेला. "वरच्यांना सांग, कुणीही खाली यायचं नाही. मुकादम पिंजरा घेऊन आणखी खाली, तळाच्या पंपावर पाळीनंतरही थांबलेल्या माणसांना काढायला गेलेत. त्यांना काढून मग मला घेतील. मी पिंजऱ्याच्या दारापाशी आहे."

ते तिनं बाहेर सांगितलं. चष्मेवाल्यानं चष्मा काढला. चाक फिरत होतं, दोर खाली सोडत होतं. तिला वाटलं, संपलं, आता पोरगा वर येईल, त्याला ती जेवायला वाढेल. फोन ठेवणार तोच त्याचा आवाज पुन्हा आला, लहान झालेला.

"आई, इथं दाराशेजारी ती जुन्या भरावाची भिंत आहे बघ. बाबांच्या हातची."

"हं."

"ती कधी थांबली गं रडायची?"

तिला माहीत नव्हतं.

"मी लागलो तेव्हापासून कोरडीच आहे. आम्ही सगळे तिला पाठ टेकून डबा खातो. मी आत्ता पाठ काढून घेतली. पण दुसरीकडे उभं राहायला जागाच नाही." तो थांबला. "हात लावून बघू का?"

"नको."

"गार आहे की काय बघतो नुसतं."

"हात लावू नकोस, ऐक." तिनं खिडकीबाहेर बघितलं. सगळे तिच्याकडे बघत होते आणि चाक अजून खालीच सोडत होतं. किती वर्षं गप्प राहिलेली भिंत कोरडी समजायची, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. ज्यानं सांगितलं असतं त्याच्याकडे तिनं कधी वर बघितलं नव्हतं. "ती भिंत रडायची थांबली नाही," ती म्हणाली. "ती कधी रडलीच नाही."

"म्हणजे?"

"तुझ्या बाबांनी बांधली ना. बांधताना काय झालं तुला सांगितलं नाही त्यांनी?"

"नाही."

"एकदा काय झालं," मावशी म्हणाली, आणि तिचाच आवाज तिला परका वाटला, जरा जाड, जरा खोटा, आणि उबदार. "सिमेंट पातळ झालं होतं. वीट काही केल्या बसेना. तेव्हा तुझ्या बाबांनी पहिली वीट कानाशी धरली आणि तिला एक गोष्ट सांगितली. वीट इतकी हसली की पोट धरून तिथंच बसली. आजतागायत उठली नाही."

पलीकडे श्वास ऐकू येत होता. मग अगदी हळू, पण त्याचाच तो, हसल्याचा आवाज आला. "मग?"

अंगणात कुणी हललं नाही. चाकानं दोर सोडणं चालूच ठेवलं होतं. मावशीनं फोन दुसऱ्या कानाला लावला आणि स्टूल पुढे ओढून घेतलं.

"मग काय," ती म्हणाली, "दुसऱ्या विटेची पाळी आली."